टिचकी कोणाची?

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत मला खोटे ठरवले, आणि तेही संगणकाच्या साक्षीने. तो भांडायला आला नव्हता. करंज्यांची ताटली मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसला होता. पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून तो इतकेच म्हणाला, "मामा, ही टिचकी तुमची नाही."

टिचकी म्हणजे माउसचे बटण दाबणे. सगळे जग त्याला क्लिक म्हणते. मला आपला टिचकी हाच शब्द बरा वाटतो. कॅरमच्या सोंगटीला मारतात ती टिचकी. तिच्यामागे बोट असते, आणि बोटामागे माणूस असतो. निदान त्या संध्याकाळपर्यंत माझा तसा समज होता.

माझी हकिगत थोडक्यात सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेत लागलो, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. चित्रकलेच्या मास्तराला काम नसते असा सर्व मुख्याध्यापकांचा पक्का समज असतो. त्यामुळे मुलांची माहिती एका संकेतस्थळावर तपासून कायम करण्याचे काम माझ्याकडे आले. मुले 138. प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक. आणि शेवटी एक लहानसा चौकोन, 'वरील माहिती मी स्वतः तपासली असून ती बरोबर आहे.' चौकोनात खूण करायची, खालचे बटण दाबायचे, मग पुढचे मूल. दोन रात्री मी डोळे चोळीत बसलेला पाहून भाच्याला दया आली, आणि त्याने मला एक एक्स्टेन्शन करून दिले.

ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती. एक्स्टेन्शन म्हणजे त्या खिडकीला मागाहून बसवलेले लहानसे उपकरण. वरच्या पट्टीत त्याचे चिन्ह दिसते. ते दाबले की उपकरण जागे होते आणि समोरच्या पानावर आपले काम करू लागते. माझ्या उपकरणाने पानावर 'बरोबर' नावाचे एक मोठे हिरवे बटण आणून ठेवले. मी माहिती वाचायची आणि ते दाबायचे. चौकोनातली खूण, खालचे बटण, पुढचे मूल ही सारी उठाठेव ते करील, अशी योजना होती.

पहिल्या रात्री वीज खालीवर होत होती आणि इंटरनेट रखडत होते. मी चिन्ह दाबले, काही दिसेना. पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा हिरवे बटण उगवले, आणि मी कामाला लागलो. तेव्हा मला ठाऊक नव्हते की तीनदा चिन्ह दाबल्याने ते उपकरण त्या पानावर तीनदा उतरले होते, आणि एकाच बटणापाशी तीन पहारेकरी कान देऊन बसले होते. मी एकदा 'बरोबर' म्हटले की तिघेही आपापले काम करीत. एक मूल माझ्या डोळ्यांसमोरून जाई आणि दोन न पाहता निघून जात. 46 टिचक्यांत 138 मुले संपली.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुले भराभर सरकताहेत हे माझ्या लक्षात आले होते. अनुक्रमांक एकदम तीनाने उडी घेतो हे ज्याला कळत नाही त्याने शाळेत नोकरी करू नये. मी ते पाहिले, आणि मला बरे वाटले.

पुढे व्हायचे ते झाले. एका मुलीच्या खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. तिची शिष्यवृत्ती आली नाही. दिवाळीच्या सुटीआधी तिची आई शाळेत आली. मजुरीचा अर्धा दिवस बुडवून आली होती. मी तिला मोठ्या समजुतीच्या स्वरात सांगितले, "बाई, ही संगणकाची चूक आहे." ती बिचारी "हां सर" म्हणून गेली. संगणकाची चूक म्हटल्यावर पुढे बोलायचे कोणाशी? पूर्वी दैवावर ढकलीत. पण दैवाला निदान नवस तरी बोलता येई.

भाच्याने माझ्या संगणकावर जी ओळ दाखवली ती या प्रकरणातली होती. आपल्या उपकरणात त्याने प्रत्येक टिचकीची नोंद ठेवण्याची सोय केली होती. ब्राउझर म्हणे प्रत्येक टिचकीच्या कपाळावर एक शिक्का मारतो. त्याचे नाव 'इजट्रस्टेड'. माणसाने खरोखर बटण दाबले तर तिथे 'ट्रू' येते. एखाद्या कार्यक्रमाने माणसाच्या नावाने टिचकी उत्पन्न केली तर 'फॉल्स'. हा शिक्का कार्यक्रम लिहिणाऱ्याला बदलता येत नाही. माझ्या नोंदीत 46 टिचक्या खऱ्या होत्या, हिरव्या बटणावरच्या. संकेतस्थळाच्या बटणावर, त्या 'मी स्वतः' या शब्दांखाली पडलेल्या 138 च्या 138 खोट्या. संकेतस्थळाने शिक्का पाहिलाच नव्हता; पुष्कळ संकेतस्थळे तो पाहत नाहीत.

"म्हणजे चूक तुझी," मी म्हणालो. मास्तरांची जात!

"माझीही आहे," तो म्हणाला. "उपकरण पानावर एकदा उतरले आहे की नाही ते आधी पाहायला हवे होते. ती दोन ओळींची गोष्ट, मी विसरलो. पण मामा, मी सही तुमच्या नावाने केली, आणि तुम्ही करू दिलीत."

मग त्याने टिचकीचा प्रवास मला समजावून सांगितला, आणि त्यानेच माझे मन दुसरीकडे गेले. टिचकी थेट बटणावर पडते असे आपल्याला वाटते, तसे नसते. ती आधी पानाच्या अगदी वरच्या थरावर येते, एकेक थर उतरत बटणापाशी पोचते आणि मग त्याच वाटेने वर परत जाते. जुन्या घरात पाहुणा आला म्हणजे अंगण, ओटी, माजघर असा आत जातो आणि तसाच बाहेर पडतो, त्यासारखे. वाटेतल्या कोणत्याही थरावर कोणीही कान देऊन बसू शकतो. नुसते ऐकू शकतो, किंवा निरोप तिथेच थांबवू शकतो. आतल्या बटणाला कळतही नाही की आपल्याला कोणी हाक मारली होती. "म्हणून एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने फार जपावे लागते," भाचा म्हणाला. "आम्ही ओटीवर बसलेलो असतो."

ओटी म्हटल्याबरोबर मला माझे वडील दिसले.

जासई हे आमचे गाव पनवेलहून उरणकडे जाताना लागते. आज रस्त्याने रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर धावत असतात. पूर्वी भातशेती होती, खाडी होती, मिठागरे होती. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, इथले आणि शेजारच्या गावांतले शेतकरी नव्या मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील याच गावचे. त्यातूनच पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यावा हा नियम निघाला. मी तेव्हा अगदी लहान होतो. पण जमीन हा शब्द आमच्या घरात मोठी माणसे आवाज उतरवून उच्चारीत, एवढे आठवते.

ज्या 1894 च्या कायद्याने जमिनी जात, त्याला शेतकऱ्याच्या संमतीची गरजच नव्हती. हरकत ऐकून घेत, इतकेच. 2013 साली नवा कायदा झाला तेव्हा कोठे खाजगी कंपनीसाठी 80 टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी 70 टक्के बाधित कुटुंबांचा होकार लागेल असे ठरले. म्हणजे सरकारने जमीन घेताना कोणाचा अंगठा मागितला नाही. पण मोबदल्याचे पैसे घरात येताना मात्र अंगठे लागू लागले. 1956 च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलींनाही वाटा दिला होता. बहिणींचा होकार असल्याखेरीज भावाला एकट्याच्या नावाने रक्कम उचलता येईना.

1990 च्या दिवाळीत, मी चौथीत असताना, भाऊबीजेला आत्या आली. तिने वडिलांना ओवाळले. वडिलांनी तबकात साडी ठेवली. चांगली भारी, हिरव्या काठाची. मग ओटीवर बसून त्यांनी एक कागद काढला आणि मला शाईची डबी धरायला सांगितले. आत्याला अक्षरओळख नव्हती. तिने विचारले ते एवढेच, "कंचा देव, डावा का उजवा?" वडील म्हणाले, "डावा." तिने डबीत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि उरलेली शाई केसांना पुसली. डबी कलंडून थोडी शाई माझ्या नव्या सदऱ्यावर सांडली म्हणून मी रडलो, आणि घरातले सगळे माझ्याभोवती गोळा झाले. त्या कागदाकडे कोणी पुन्हा पाहिले नाही.

वडील वाईट नव्हते. तीन बहिणींची लग्ने त्यांनी कर्ज काढून केली होती, आणि हिशेब मिटला असे त्यांना मनापासून वाटत असावे. ज्या घरात बसून मी हे लिहितो आहे ते त्या पैशांतून उभे राहिले.

आता भाच्याचा शिक्का आत्याच्या अंगठ्याला लावून पाहा. अंगठा तिचाच, हात तिचाच, जुलूम नाही, जबरदस्ती नाही. ब्राउझर असता तर त्याने बेलाशक 'ट्रू' लिहिले असते. आणि माझ्या 138 टिचक्या खोट्या; पण त्या व्हाव्यात ही इच्छा मात्र खरोखर माझी होती. मग दोघांत खरे कोण? जिचे बोट होते आणि मन नव्हते ती, की ज्याचे मन होते आणि बोट नव्हते तो? चार दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यात फराळाच्या पित्तासारखा घोळत होता.

अंगठ्याचा इतिहास पाहिला तर तो मुळात विचारण्यासाठी निघालेलाच नाही. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा खडीच्या करारावर घेतला. आपला हेतू त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे: हा मनुष्य पुढे सही नाकबूल करण्याचा विचारही करू नये, असा धाक त्याला बसावा. कोनाईला करार कळला की नाही, हा त्या ठशाचा विषयच नव्हता. 1897 मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, तीही माणूस कोण हे ओळखण्यासाठी. ठसा 'कोण' एवढेच सांगतो. 'इजट्रस्टेड' तर तेवढेही सांगत नाही. कोणीतरी माणूस होता, इतकेच सांगतो.

कायद्याला मात्र हे फार पूर्वी कळलेले दिसते. 1872 च्या करार कायद्यात संमतीची व्याख्या अशी आहे की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली पाहिजे. वडिलांच्या मनात कागदाचा अर्थ वाटा सोडणे हा होता. आत्याच्या मनात भावाचे काम करणे हा होता. गोष्ट एक नव्हती, अर्थ तर नव्हताच. आपल्याकडे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दप्तरे जाळली, ती अशाच न वाचलेल्या कागदांवरच्या रागाने. त्यानंतर 1879 चा कायदा आला, आणि त्यात शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि त्याच्यासमोर केलेला असला पाहिजे असे ठरले. अंगठा आणि कागद यांच्यामध्ये एक तिसरा डोळा बसवला. तो डोळाही सदैव उघडा असेल असे थोडेच आहे! पण कल्पना चांगली होती.

मला नवल वाटले ते याचे, की ही कल्पना ब्राउझर करणाऱ्यांनी आपल्या परीने पुढे नेली आहे. भाच्याने दोन गोष्टी सांगितल्या. उपकरणाला एक नेमस्त परवानगी मागता येते: तुम्ही त्याचे चिन्ह दाबले की समोरच्या त्या एका पानापुरता त्याला हात लावता येतो, दुसऱ्या संकेतस्थळावर गेलात किंवा पान मिटलेत की हक्क संपला. आणि उपकरणाला तुमच्याकडे नवी, जास्तीची परवानगी मागायची असेल तर ती तुमच्या टिचकीच्या हातासरशीच मागावी लागते. मधे दुसरीच कामे करीत बसले तर त्या टिचकीचे बळ ओसरून जाते आणि ब्राउझर म्हणतो, पुन्हा विचारा. काही सेकंदांचे आयुष्य! आत्याचा अंगठा पस्तीस वर्षे जिवंत राहिला. बहिणीने एकदा दिलेला होकार किती दिवस धरावा, असा प्रश्न आमच्या ओटीवर कोणाच्या मनातही आला नसता.

अर्थात याच यंत्रावर उलट बाजूचे कारागीरही बसलेले आहेत. 'नाही' हे बटण फिकट करायचे, 'हो' ठळक करायचे; चौकोनात आधीच खूण करून ठेवायची; नाकारणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द घालायचे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अशा 13 युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. त्याच वर्षी संसदेने माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात संमती मोकळ्या मनाची, नेमकी आणि समजून दिलेली असावी, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असावी असे म्हटले आहे. म्हणजे मराठीतही. आमच्या ओटीवरचा तो कागद मराठीतच होता. त्याने काय झाले?

सुटी संपण्याआधी मी भाच्याला उपकरण पुन्हा करायला सांगितले. आता ते एकदाच उतरते. तुम्ही चिन्ह दहादा दाबलेत तरी पहारेकरी एकच. त्याचे हिरवे बटण खऱ्या बोटाशिवाय हलत नाही. 'फॉल्स' शिक्क्याची टिचकी आली तर ते बहिरे होते. खाते क्रमांक ते मोठ्या अक्षरांत, चार-चार आकड्यांचे गट पाडून दाखवते. आणि संकेतस्थळाचा तो 'मी स्वतः' वाला चौकोन, त्याला ते हातच लावीत नाही. "तो तुमचा," भाचा म्हणाला. काम पहिल्यापेक्षा थोडेसेच जलद होते. 138 मुलांना मला तीन संध्याकाळ लागल्या. आणखी दोन चुका सापडल्या.

त्या मुलीच्या आईकडे जाऊन मी सांगितले की चूक संगणकाची नव्हती. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि विचारले, "मग पैसे मिलतील ना?" पैसे फेब्रुवारीत मिळाले. तोवर तिने वह्यापुस्तकांसाठी हातउसने काढले होते, हे मला मुलीकडूनच कळले.

भाऊबीजेला आत्या आली. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. पण ती अजून येते, आणि आता मलाच ओवाळते. ओवाळून झाल्यावर मी वडिलांच्या पेटीतून तो कागद काढला. सकाळीच शोधून वर ठेवला होता. धाकट्या भावाला मी आधी सांगितले नव्हते. त्याच्याशी पैशांविषयी जे बोलणे झाले पाहिजे ते हे लिहीपर्यंत पुरते झालेले नाही, आणि ते सोपे जाणार नाही. पण कागद वाचायला त्याची परवानगी कशाला?

मी आत्याला म्हटले, "तुझा अंगठा आहे यावर. काय लिहिले आहे ते वाचतो."

सगळा मिळून आठ ओळींचा मजकूर. मी हळूहळू वाचला. सर्व्हे नंबर वाचला, वडिलांचे नाव वाचले, 'माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही' हेही वाचले. आत्या तबकातल्या निरांजनाकडे पाहत होती. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "इतकाच व्हता? मना वाटला, लय आसंल."

"तुला ठाऊक होते?"

"काय ठावका? दादानं सांगितला, न मी लावला." मग ती जरा वेळ गप्प बसली. कागद माझ्या हातातून घेऊन तिने तो डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याच्या निळसर ठशावरून बोट फिरवले. "आता कुनी वाचाया लागला, तं आयकून मग लावीन," ती म्हणाली. "तुज्या सदऱ्याचा डाग गेला व्हता का रं?"

डाग गेला नव्हता. तो सदरा पुढे धाकट्याने वापरला.